ताईचे कान

ताईनं मला कशानं मारलं नाही ते विचारा. सांडशीच्या दांड्यानं मारलंय, हातोड्याच्या मुठीनं मारलंय, ओल्या पोत्यानं मारलंय, आणि एकदा तर चक्क जेवणाच्या डब्यानं, त्यात जेवण असताना. पाठ, दंड, मांड्या, पोटऱ्या, सगळीकडे प्रसाद मिळालेला आहे. मानेच्या वर मात्र कधी नाही. आयुष्यात एकदाही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. माझ्या स्वतःच्या लक्षात ते फार उशिरा आलं.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. धंदा सुऱ्यांचा. पत्र्याची लांबट शेड, एका कोपऱ्यात भट्टी, मधे ऐरण, भिंतीला टेकून मशीनचा घण, आणि या सगळ्यात ताई. बुटकी, रुंद, चामड्याचा एप्रन, कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग. बोलते ते ओरडूनच, कारण ती बहिरी आहे. जन्मापासून नाही. वडिलांची कृपा.

वडीलही सुऱ्याच करत. ताई तेरा वर्षांची असताना तिच्याकडून भट्टीत एक पातं जळलं. पोलाद जास्त तापलं की त्यातून ठिणग्या उडतात, आणि मग ते कायमचं वाया जातं. वडिलांनी विचारपूस वगैरे केली नाही. कानाखाली अशी ठेवून दिली की ताई ऐरणीवर जाऊन आदळली. उजव्या कानातून तीन दिवस रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाला, पडदा फाटलाय. उरलेला डावा कान पुढे मशीनच्या घणानं खाल्ला, रोज थोडा थोडा. तिशीला आली तोवर ती पक्की बहिरी झाली होती. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळायचं. पाठ फिरवलेली असली की मात्र काही नाही. याचा मी भरपूर फायदा घेतला. तिच्या पाठीमागे उभं राहून मी तिला काय काय म्हटलंय ते इथे लिहीत नाही; बायको वाचेल.

वडील गेले ते असे. त्यांची पाती सगळी एकाच कडक पोलादाची. धार अशी की नजर कापली जाईल, पण कडक तेवढंच ठिसूळ. एके दिवशी नुकतंच पाणी दिलेलं, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक केलेलं पातं शिकंज्यात आवळून वाकवून बघत होते. ते काड्‌कन तुटलं आणि टोक उडून त्यांच्या गळ्यात बसलं. मी दहा वर्षांचा, दारात उभा. ताईनं दोन्ही हातांनी गळा दाबून धरला. बोटांमधून रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या, तिच्या तोंडावर, भिंतीवर, गरम भट्टीवर पडून चर्र होत होत्या. पाच मिनिटांत खेळ आटोपला. ताई रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शेडमधली वडिलांची तयार पाती काढली, चाळीस तरी असतील, एकेक शिकंज्यात धरली आणि घणानं तोडून टाकली. तुकडे उडत होते, तिच्या दंडात दोन घुसले, तरी थांबेना. सगळं झाल्यावर मला म्हणाली, "माझ्या हातचं पातं कुणाच्या अंगात तुटणार नाही. कळलं?" मी मान हलवली. एवढीच तिची शपथ, आणि एवढाच तिचा गर्व.

तेव्हापासून ताई थरांची सुरी करायला लागली. मधे कार्बनच्या पोलादाची पट्टी. धार तीच धरते, पण गंजते आणि तुटते. तिच्या दोन्ही बाजूंना स्टेनलेसच्या पट्ट्या. त्या गंजत नाहीत, मार खाऊन वाकतात पण तुटत नाहीत. आतलं तडकलं तरी त्याला धरून ठेवतात. तिन्ही पट्ट्या घासून चकाचक करायच्या, एकावर एक ठेवायच्या आणि चारी कडांना वेल्डिंगचा टाका मारून बंद करायच्या. मग पिवळ्या होईपर्यंत तापवायच्या आणि घणाखाली घालून बदड बदड बदडायच्या, तिन्हींची एक होईपर्यंत. टाक्यात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी हवा आत शिरते, स्टेनलेस आतून काळं पडतं, आणि मग किती का बदडा, तेवढी जागा चिकटत नाही. बाहेरून बघाल तर काही दिसणार नाही.

ऐकू मात्र येतं. पट्टी निवली की तारेला टांगायची आणि छोट्या हातोडीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जायचं. जोड धरला असेल तिथे खण्ण. धरला नसेल तिथे बद्द. आता बहिऱ्या बाईनं हे कसं ऐकायचं? म्हणून मी. ताई हातोडी मारायची, ऐकायचो मी. उघडा पंजा दाखवला की ठीक, मूठ दाखवली की भंगार. दोन दिवसांची मेहनत असली तरी मी मूठ दाखवल्यावर ती कधी "पुन्हा ऐक" म्हणाली नाही. पट्टी भंगारात भिरकवायची, एक सणसणीत शिवी हासडायची, आणि नवीन पट्ट्या कापायला घ्यायची. जगात तिनं एवढा भरवसा दुसऱ्या कशावर टाकला असेल असं मला वाटत नाही.

आणि म्हणूनच कापूस. रोज सकाळी ताई मेणात भिजवलेल्या कापसाचे दोन बोळे वळून ऐरणीवर ठेवायची. मशीनचा घण सुरू करायच्या आधी ते माझ्या कानांत गेलेच पाहिजेत. नसले तर मार. उन्हाळ्यात कानांत घामाच्या धारा लागायच्या, खाज सुटायची, मी हळूच बोळा काढायचो, आणि तिला पाठ फिरवलेली असतानाही कसा कोण जाणे पत्ता लागायचा. सव्वीस वर्षांचा घोडा झालो तरी कापसावरून मार खात होतो. घण उचलून उचलून दंड मांडीएवढे झाले होते, पण ताईसमोर आपली शेळीच.

त्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानातली मुलगी रॉडची पाकिटं घेऊन आली. तिच्यासाठी मी दर आठवड्याला गरज नसताना रॉड मागवत होतो, हे दुकानदार सोडून सगळ्यांना माहीत होतं. मशीनचा घण धाडधाड चालू. ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही, म्हणून मी ऐटीत दोन्ही बोळे काढून खिशात टाकले आणि तिच्याकडे वाकलो. पुढच्या क्षणी पाठीवर सांडशी बसली. एक. दोन. तिसरी बरगडीवर, तिथे तर श्वासच अडकला. मी गुडघ्यावर आलो. ताई ओरडत होती, "कापूस कुठंय? कुठंय कापूस? बहिरा होऊन मरायचंय का तुला माझ्यासारखं?" आणि ती मुलगी हसली.

तीच आता माझी बायको. ती म्हणते, मी घाबरून हसले होते. असेल. पण त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार खाल्ल्याचं काही नव्हतं, ते रोजचंच होतं. तिच्यादेखत खाल्ला, हे मेलो तरी विसरणार नाही असं वाटलं.

तासाभरानं ताईनं पट्टी टांगली. मोठी ऑर्डर नव्हती, एकच सुरी होती, मटण मार्केटमधल्या पैलवानाची. हा आमचा जुना खाटीक, दाराएवढा माणूस, ताईशिवाय दुसऱ्या कुणाची सुरी हातात धरत नसे. ताई वाजवायला लागली. खण्ण, खण्ण, खण्ण. मुठीकडून चार बोटांवर आली आणि, बद्द. पुन्हा खण्ण. बद्द झालं ती जागा नखाएवढी. ताईनं हातोडी थांबवून माझ्या हाताकडे बघितलं.

मी उघडा पंजा दाखवला.

चुकून नाही. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पाठ ठणकत होती, डोक्यात तिडीक गेली होती, आणि त्या एका क्षणी मला या बाईचं वाईट व्हावं असं मनापासून वाटलं. बस, एवढंच. तिच्या त्या जगप्रसिद्ध सुरीत काहीतरी कुजकं असावं, आणि ते फक्त मला माहीत असावं.

मग वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टीचं पातं कापलं. तिसऱ्या दिवशी पाणी दिलं. चौथ्या दिवशी धार लागली, मूठ बसली आणि पैलवान स्वतः न्यायला आला. त्यानं मनगटावरचे केस भादरून बघितले आणि ताईला ओठ दिसतील असं तोंड धरून म्हणाला, "ताई, ही आता मला मरेपर्यंत पुरेल." ताई लाजली. हो, लाजायची ती, सुरीचं कौतुक झालं की. मी कोपऱ्यात झाडू मारत होतो, झाडून झालेलीच जागा पुन्हा झाडत होतो.

तीन महिने काही झालं नाही. मीही विसरत चाललो होतो. खारं पाणी आणि रक्त त्या नखाएवढ्या फटीत जाऊन आतून कुरतडत होतं, हे मला कळायला हवं होतं. मी काही कालचा नव्हतो धंद्यात.

एका दुपारी तीन माणसं शेडमध्ये घुसली. पुढे पैलवानाचा धाकटा भाऊ, मागे मार्केटमधले दोघं, तिघांच्याही अंगावर कामाचे एप्रन, धाकट्याच्या एप्रनवर ताजं रक्त. त्यानं सुरीचे दोन तुकडे ऐरणीवर आपटले आणि ताईचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"बघ! सांध्यात घालून पिळली आणि तुझी सुरी फाटली. तुटलेला तुकडा मनगटात गेलाय त्याच्या. नसा तुटल्या. चार बोटं मिटत नाहीत आता. खाटीक आहे तो, कळतंय? खाटीक! उजवा हात गेला त्याचा!"

ताईनं तुकडे उचलले आणि दाराच्या उजेडात नेले. सुटलेला स्टेनलेसचा पापुद्रा नखानं उचकटला. आत काळी जागा, तिच्याभोवती गंज. तिनं बराच वेळ बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, कळलं हिला. आता मी काही वाचत नाही.

ताईनं बोट स्वतःच्या कानाला लावलं, मग माझ्या कानाकडे दाखवलं, आणि भुवया उंचावल्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. तिला वाटलं, माझेही कान गेले. माझ्या मनात खोट असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तीन माणसं तिच्या जिवावर उठलेली, आणि बाई विचारतेय, तुला ऐकू येतंय ना रे?

मी खाली बघितलं.

ताई त्यांच्याकडे वळली. "वेल्डिंगचा टाका माझा. भोक माझ्याकडून राहिलं. पातं माझं आहे."

"मग हातही तुझाच," धाकटा म्हणाला. मागच्या दोघांनी झडप घातली. एकानं तिची मान भिंतीकडे दाबली, दुसऱ्यानं तिचा उजवा हात पिळून ऐरणीवर पसरला. ताई लाथा झाडत होती, एकाच्या नडगीवर अशी बसली की तो कळवळला, पण सोडलं नाही त्यांनी. धाकट्यानं माझा घण उचलला. माझाच.

मी ओरडलो, "तिचा हात सोड! मला ऐकू आलं होतं! बद्द वाजलं होतं, मी खोटं सांगितलं तिला! मुद्दाम! तिला काही माहीत नाही!"

तिघांनी ऐकलं. जिच्यासाठी ओरडलो तिचं तोंड भिंतीकडे होतं.

धाकटा गर्रकन वळला. "काय म्हणालास?" मी पुन्हा म्हणालो. तो दोन ढांगांत माझ्यापाशी आला आणि घण आडवा फिरवला. माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं ते मला लागायच्या आधी ऐकू आलं. मी खाली पडलो. त्यानं दुसऱ्यांदा घण उगारला, या वेळी डोक्यावर.

ज्या दोघांनी ताईला धरलं होतं ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांची पकड ढिली झाली. ताईनं मान वळवली. तिला एवढंच दिसलं की भाऊ जमिनीवर पडलाय आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात घण घालतोय. कशी सुटली मला माहीत नाही. सांडशी धाकट्याच्या दंडावर बसली, घण त्याच्या हातातून उडाला. दुसरी कोपरावर, ते उलट्या बाजूला वळलं. तिसरी गुडघ्यावर. तो कोसळला तरी ती मारत होती, पाठीत, मांडीत, सापडेल तिथे, आणि तोंडानं एकच, "डोक्यावर मारतोस? डोक्यावर मारतोस त्याच्या?" मागचे दोघं पुढे सरसावले तशी तिनं भट्टीतून लाल सळई ओढली. एकानं ती हातानं अडवली. त्याच्या तळव्याचं कातडं सळईलाच राहिलं. त्यानं जी किंकाळी फोडली ती ऐकून समोरच्या रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली, पण आत यायची कुणाची छाती झाली नाही.

धाकटा जमिनीवर मोडका हात धरून पडला होता, अगदी ताईच्या पायाशी, तोंड वर करून. रडत होता, हसत होता, मला कळेना. म्हणाला, "कुणासाठी मारतेस, बाई? आत्ता तोच बोलला. त्याला ऐकू आलं होतं. मुद्दाम फसवलं तुला."

ताई त्याच्या ओठांकडे बघत होती. ती खाली वाकली. "पुन्हा बोल."

तो पुन्हा बोलला. हळू, एकेक शब्द सुटा करून, मुद्दाम.

ताईनं सळई परत भट्टीत खोचली. तेव्हा कुठे लोक आत आले आणि त्या तिघांना घेऊन गेले. शेडमध्ये मी आणि ती. मी कसाबसा गुडघ्यांवर उठलो, तिला तोंड नीट दिसेल असं धरलं आणि सगळं सांगितलं. कापूस, ती मुलगी, ते हसणं, पंजा, सगळं. मी ढसाढसा रडत होतो, त्यामुळे ओठ नीट कळले असतील की नाही देव जाणे, म्हणून पुन्हा सांगितलं. मग म्हणालो, "मार मला, ताई. डोक्यात घाल."

तिनं सांडशी उचलली. मी डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसलो. उघडले तेव्हा सांडशी खिळ्याला लटकत होती आणि ताई जमिनीवरचं रक्त फडक्यानं पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं स्वतःच्या एप्रनचा पट्टा कापून त्यानं माझा हात गळ्यात बांधला आणि मला दवाखान्यात नेलं. तिथेच वरच्या मजल्यावर पैलवान होता. ताई त्याच्या खाटेशी तासभर उभी राहिली. काय बोलली मला माहीत नाही. माझं नाव घेतलं नाही, एवढं पैलवानानं नंतर सांगितलं. तो पुढे डाव्या हातानं कापायला शिकला. सुरी अजून ताईचीच वापरतो. मला बघितलं की थुंकतो.

माझं हाड जुळायला दोन महिने लागले. परत गेलो त्या सकाळी ताईनं पट्टी टांगलेली होती. तिनं एक बारीक लोखंडी सळई दातांत घट्ट धरली होती, सळईचं दुसरं टोक पट्टीला टेकवलेलं, आणि हातोडीनं पट्टी वाजवत होती. मी बघतच राहिलो. वडिलांनी पडदा फोडला होता, पण त्याच्या आत काहीतरी जिवंत राहिलं होतं, आणि दातांतून, जबड्यातून तिथपर्यंत पोचायची वाट या बाईनं एकटीनं शोधून काढली होती. समोरचे दोन दात तुटले होते. ओठ फुटलेला होता. खण्ण, खण्ण, बद्द. मी सवयीनं मूठ वर केली.

ताईनं माझ्या हाताकडे बघितलं नाही. सळई काढली, रक्त थुंकली आणि पट्टी भंगारात टाकली.

आज मी एक्कावन्नचा आहे, ताई त्रेसष्टची. त्या दिवसापासून तिनं मला हात लावलेला नाही. शिवीसुद्धा नाही. मी उशिरा गेलोय, पाणी द्यायचं तेल सांडलंय, एकदा तर मुद्दाम, तिच्या डोळ्यांदेखत, पातं ठिणग्या उडेपर्यंत जाळलंय, ज्याच्यासाठी वडिलांनी तिचा कान फोडला होता तेच. पाठ पुढे करून उभा राहिलो होतो. तिनं जळकं पातं बाजूला ठेवलं आणि दुसरी पट्टी घेतली. मी काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी घरी जाऊन बायकोसमोर लहान पोरासारखा रडलो.

मी अजून तिथेच घण मारतो. ऐकायचं काम ती करते, तिच्या उरलेल्या दातांनी. कापसाचे दोन बोळे मात्र रोज सकाळी ऐरणीवर ठेवलेले असतात, ताजे, मेणात भिजवलेले. मी ते कानांत घालतो आणि मशीन सुरू करतो.